रेडिएटरचा पंखा थांबतच नाही: दोष शोधायचा क्रम

पंख्याचं वागणं नीट पाहिलं, तर दोष कोणत्या बाजूला आहे ते पार्ट न बदलताच बरंचसं कळतं. म्हणून आधी लक्षणं बघा आणि आपली गाडी यांपैकी कशात बसते ते ठरवा.

लक्षणं

- चावी काढली, गाडी लॉक केली, तरी पंखा चालूच. काही तासांत बॅटरी उतरते.
- गाडी रात्रभर उभी होती, इंजिन पूर्ण गार आहे, तरी इग्निशन ऑन करताच पंखा जोरात सुरू होतो.
- एसी बंद असताना सगळं ठीक, एसी लावला की पंखा एकसारखा पूर्ण वेगात. कधी एसी गारही करत नाही.
- गार इंजिनला पंखा बंद असतो. एकदा इंजिन तापून लागला की मग थांबत नाही.
- पंखा पूर्ण वेगात, सोबत चेक इंजिनचा दिवा, किंवा तापमानाचा काटा एकदम खाली पडलेला.

पहिल्या लक्षणात संशय रिलेवर (पंख्याचा करंट चालू-बंद करणारा विजेचा स्विच) किंवा पंख्याच्या मॉड्यूलवर (त्याचा वेग सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक डबी). दुसऱ्यात आणि पाचव्यात तापमानाचा सेन्सर, त्याची वायर किंवा मॉड्यूल. तिसऱ्यात एसीचं प्रेशर. चौथ्यात बहुतेक वेळा उष्णता खरीच असते आणि पंखा त्याचं काम करत असतो.

पंखा चालतो कसा

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटच्या वाटेतली झडप, साधारण ८२ ते ९२ अंश सेल्सिअसला उघडतो आणि इंजिन गार ठेवणारं कूलंट रेडिएटरकडे जाऊ लागतं. तेवढ्याने भागलं नाही आणि तापमान ९५ ते १०० च्या आसपास पोचलं, की ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) पंखा लावतो. ते पाच-सात अंश उतरलं की बंद करतो. दोन वेगांचा पंखा असेल तर मोठा वेग १०२ ते १०५ च्या सुमारास लागतो. गाडीगणिक हे आकडे थोडे बदलतात.

बहुतेक गाड्यांत ईसीयू पंख्याला थेट करंट देत नाही. तो रिलेच्या कॉइलला अर्थ (बॅटरीच्या निगेटिव्हचा जोड) देतो, रिलेचे पॉइंट जुळतात आणि बॅटरीचा मोठा करंट मोटरपर्यंत जातो. त्यामुळे पंखा थांबत नसेल तर शक्यता तीनच: इंजिन किंवा एसी खरोखर तापलंय, ईसीयूला ते तापल्याची खोटी खबर मिळतेय, किंवा ईसीयूने बंद करूनही पुढचा रिले, मॉड्यूल वा वायर ऐकत नाही. पुढची प्रत्येक तपासणी या तिन्हींपैकी एकेक शक्यता बाद करण्यासाठी आहे.

दोष नसतानाही पंखा फिरतो

एसी चालू असताना कंडेन्सरला (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) हवा लागते, म्हणून इंजिन गार असलं तरी पंखा फिरणारच. काचेवरचं धुकं घालवणारा डिफॉग मोड निवडला की अनेक गाड्यांत एसीचा कॉम्प्रेसर आपोआप चालू होतो. एसीचं बटण बंद दिसतं आणि पंखा मात्र फिरतो. तापलेलं इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं पंखा चालू राहणं हेही कित्येक मॉडेलमध्ये मुद्दाम ठेवलेलं असतं. दहा मिनिटांत तो थांबत असेल तर काळजी नको.

डिझेल गाडीत आणखी एक कारण असतं. डीपीएफमधली (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जाळण्याचं काम चालू असताना एक्झॉस्ट खूप तापतो, आयडल (उभ्या गाडीतला इंजिनचा वेग) थोडं वाढतं, जळका वास येतो आणि पंखा जोरात फिरतो. तेवढ्यात गाडी बंद केली तर पंखा चालूच राहतो. हे अधूनमधून होत असेल तर ठीक. दर फेरीला होत असेल तर डीपीएफची तपासणी वेगळी करावी लागेल, पंख्याशी त्याचा संबंध नाही.

हात घालण्याआधी

विजेवर चालणारा पंखा इग्निशन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. पात्यांजवळ हात न्यायचा असेल तर बॅटरीची निगेटिव्ह केबल आधी काढा. सैल बाही, ओढणी, टाय दूर ठेवा.

गरम इंजिनच्या रेडिएटरचं किंवा कूलंट टाकीचं झाकण उघडू नका. आत साधारण १ बारचा दाब असतो आणि त्या दाबामुळेच कूलंट १२० अंशांच्या आसपासही उकळत नाही. झाकण फिरवताच दाब जातो, कूलंट क्षणात उकळतं आणि तोंडावर येतं.

आणि वैताग आला म्हणून पंख्याचा फ्यूज काढून गाडी चालवू नका. पंखा फिरतोय तो कदाचित इंजिन वाचवण्यासाठी. त्याला गप्प केलं आणि उष्णता खरी निघाली, तर सिलिंडर हेड वाकायला एखादा लांबलचक ट्रॅफिक जॅम पुरतो.

१. एसी, डिफॉग आणि गार इंजिन

काहीही न उघडता करायची ही तपासणी. गाडी रात्रभर उभी ठेवा. सकाळी एसी बंद, ब्लोअर बंद, हवेची दिशा काचेवरून काढून घ्या आणि फक्त इग्निशन ऑन करा, इंजिन सुरू करू नका. पंखा लगेच फिरला, तर इंजिनच्या उष्णतेचा प्रश्न मिटला. दोष विजेच्या बाजूला आहे, सरळ रिलेपाशी जा. नाही फिरला, तर इंजिन सुरू करून एसीशिवाय दहा-पंधरा मिनिटं आयडलवर ठेवा. पंखा लागतो, एखाद-दोन मिनिटांनी थांबतो, पुन्हा लागतो, असं चक्र दिसलं तर इंजिनची बाजू ठीक आहे. मग एसी लावून बघा.

२. कूलंटची पातळी

गार इंजिनवर टाकीतलं कूलंट मिन आणि मॅक्स खुणांच्या मध्ये हवं. रेडिएटरला वेगळं झाकण असेल तर तेही उघडून काठोकाठ भरलंय का बघा, कारण टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असं होऊ शकतं. कूलंट कमी झालं की आत हवा शिरते. ती सेन्सरपाशी अडकली तर सेन्सर कधी वाफ मोजतो, कधी कूलंट, आणि आकडा वरखाली उड्या मारतो.

पातळी कमी असेल तर गाडीला सांगितलेलंच कूलंट, डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणात, बहुतेक वेळा निम्मंनिम्मं, भरा. नुसतं नळाचं पाणी घातलं तर क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात आणि काही काळाने तोच त्रास परत येतो. भरल्यावर एअर ब्लीड स्क्रू असेल तर तो सैल करून हवा काढा. आठवड्याभरात पातळी पुन्हा उतरली तर गळती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका.

३. हवा खरंच आरपार जाते का

पुढच्या जाळीतून टॉर्च मारा. एसीचा कंडेन्सर पुढे आणि रेडिएटर त्याच्यामागे असतो. माती, किडे आणि कापसासारखा कचरा या दोघांच्या मधल्या फटीत साचतो. पुढून पाहिलं तर सगळं स्वच्छ दिसतं, त्यामुळे ही जागा हमखास राहून जाते. धुताना साध्या पाइपचं पाणी, कमी दाबाने, इंजिनच्या बाजूकडून पुढे सोडा, म्हणजे कचरा आला त्याच वाटेने बाहेर पडेल. प्रेशर वॉशर जवळून मारला तर ॲल्युमिनियमच्या फिन्स आडव्या होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

पंखा फिरत असताना जाळीसमोर कागद धरून पाहा. बहुतेक गाड्यांत पंखा रेडिएटरच्या मागे असतो आणि हवा आत ओढतो, म्हणजे कागद जाळीला चिकटला पाहिजे. कागद बाहेर ढकलला जात असेल तर मोटर उलटी फिरतेय. मोटर किंवा कनेक्टर बदलताना दोन वायरी उलटसुलट जोडल्या गेल्या की हे होतं. गाडी वेगात असताना काही जाणवत नाही, पण सावकाश चालणाऱ्या गाडीत पंखा समोरून येणाऱ्या हवेशीच झुंजतो आणि तापमान उतरत नाही. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं श्राउड तुटलेलं किंवा काढून टाकलेलं असेल तरी तेच, कारण मग हवा रेडिएटरमधून न येता कडेने ओढली जाते.

४. रिले

इग्निशन बंद असतानाही पंखा फिरत असेल तर सगळ्यात आधी इथे. फ्यूज बॉक्सच्या झाकणावरच्या आकृतीत रेडिएटर पंख्याचा रिले शोधा. दोन वेगांच्या पंख्याला दोन किंवा तीन रिले असतात. एकेक काढून पाहा. ज्याला काढताच पंखा थांबतो तो धरा.

त्याच बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले असेल, उदाहरणार्थ हॉर्नचा, तर दोघांची अदलाबदल करा. पंखा शांत झाला आणि हॉर्न वाजत राहिला, तर निकाल लागला. नुसता आकार सारखा असून चालत नाही. पिनांची मांडणी आणि ॲम्पिअर दोन्ही जुळायला हवेत. रिलेच्या अंगावर छापलेली आकृती पाहूनच बदला.

मल्टिमीटर असेल तर रिले हातात घेऊन मोजा. चार पिनांच्या नेहमीच्या रिलेत ३० आणि ८७ या पिनांमध्ये करंट जायचा रस्ता बंद असायला हवा. बीप आला म्हणजे आतले पॉइंट वितळून चिकटलेत. ८५ आणि ८६ मध्ये कॉइल असते, तिचा रेझिस्टन्स साधारण ५० ते १२० ओहम येतो. पॉइंट चिकटलेला रिले टिचकी मारल्यावर कधी सुटतो. ते निदान समजा, दुरुस्ती नव्हे. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चिकटेल.

रिले का चिकटला हे विचारलं नाही तर नवा रिलेही तसाच जातो. मोटरचं बेअरिंग झिजलं किंवा ब्रश संपत आले की मोटर जास्त करंट ओढते आणि पॉइंटवर दर वेळी मोठी ठिणगी पडते. बॅटरी काढून पंखा हाताने फिरवा: तो मोकळा फिरून हळूहळू थांबायला हवा, घासल्याचा आवाज नको, पातं वरखाली हलायला नको. डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर असेल तर चालू पंख्याचा करंट मोजा. छोट्या गाडीचा एक पंखा साधारण १० ते २० ॲम्पिअर घेतो. फ्यूजच्या रेटिंगच्या जवळ आकडा जात असेल तर मोटरही बदला.

नवा रिले मिळेपर्यंत गाडी वापरायची असेल तर उभी करताना रिले काढून ठेवा आणि निघण्याआधी न चुकता बसवा. २० ॲम्पिअर ओढणारा पंखा ४५ अँपिअर-अवरची बॅटरी दोनेक तासांत रिकामी करतो, आणि गाडी सुरू न होण्याची वेळ त्याच्या बरीच आधी येते.

सगळे रिले काढूनही पंखा फिरतोय? मग एकतर गाडीत पीडब्ल्यूएम मॉड्यूल (रिलेऐवजी पंख्याचा वेग कमी-जास्त करणारी इलेक्ट्रॉनिक डबी) आहे, नाहीतर आधी कुणीतरी पंखा डायरेक्ट करून ठेवलाय. मोटरकडून मागे वायर धरत जा. कारखान्याच्या वेष्टणाबाहेरची, टेप गुंडाळलेली वायर बॅटरीकडे किंवा इग्निशनकडे गेलेली दिसली तर उत्तर मिळालं. पण ती नुसती कापू नका. ती लावण्यामागे मूळचा काही दोष असणार, तो अजून तसाच असेल आणि वायर कापल्यावर पंखा अजिबातच लागणार नाही.

५. ईसीयूला काय दिसतंय

इथून पुढे ओबीडी रीडर, म्हणजे गाडीच्या सॉकेटला लावून ईसीयूतले आकडे वाचायचं यंत्र, लागतो. ब्लूटूथचा साधा रीडर आणि फोनवरचं ॲप पुरतं. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत मध्यावरच ठेवलेला असतो, आणि जुन्या काही गाड्यांत काट्याचा सेन्सर वेगळा आणि ईसीयूचा वेगळा असतो.

सगळ्यात कामाची चाचणी रात्रभर उभ्या गाडीवर होते. इंजिन सुरू न करता इग्निशन ऑन करा आणि कूलंटचं तापमान व इनटेक हवेचं तापमान शेजारी शेजारी वाचा. दोन्ही बाहेरच्या हवेइतके, एकमेकांपासून चार-पाच अंशांच्या आत हवेत. हवा २८ आणि कूलंट ९७ दाखवत असेल तर ईसीयूला खोटी खबर जातेय. कूलंट उणे ४० दाखवत असेल तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा कनेक्टर सुटलाय. १३० च्या वर अडकलं असेल तर शॉर्ट.

ईसीयूने नोंदलेले दोषांचे कोड वाचा. पी ०११७ म्हणजे सेन्सरचं व्होल्टेज फार कमी, बहुधा शॉर्ट. पी ०११८ म्हणजे फार जास्त, बहुधा तुटलेली वायर. पी ०४८० पंख्याच्या कंट्रोल सर्किटचा. पी ०५३० ते पी ०५३३ एसी प्रेशर सेन्सरचे. काही ईसीयू सेन्सर गेला की स्वतःच एक सोयीचा आकडा दाखवतात, म्हणून आकडा ठीक वाटला तरी कोड पाहिल्याशिवाय सेन्सरला पास करू नका.

६. कूलंट सेन्सर आणि त्याचा कनेक्टर

या सेन्सरचा रेझिस्टन्स तापमान वाढलं की कमी होतो. बहुतेक गाड्यांत २० अंशांना २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना सुमारे ३०० ओहम आणि १०० अंशांना २०० च्या आत. कनेक्टर काढून सेन्सरच्या दोन पिनांवर मोजा. गार इंजिनवर २०० ओहम येत असतील तर सेन्सर गेला.

सेन्सर बदलण्याआधी कनेक्टरच्या आत पाहा. सेन्सरच्या अंगातून झिरपलेलं कूलंट पिनांवर येतं, हिरवट किंवा पांढरी बुरशी धरते आणि दोन पिनांमध्ये करंटला चोरवाट मिळते. ईसीयूला तो कमी रेझिस्टन्स म्हणजे जास्त तापमान वाटतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करून पुन्हा वाचा. कूलंट सेन्सरमधूनच येत असेल तर सेन्सर बदलावाच लागेल.

आता एक गोष्ट, जिथे बरेच जण फसतात. सेन्सरचा कनेक्टर काढला आणि पंखा फिरतच राहिला म्हणून सेन्सर निर्दोष ठरत नाही. ईसीयूवाल्या गाडीत सेन्सर सुटला की ईसीयू सावधगिरी म्हणून पंखा पूर्ण वेगात लावतो. याउलट जुन्या गाड्यांत रेडिएटरच्या खालच्या बाजूला बसवलेला साधा थर्मोस्विच असतो. त्याचा कनेक्टर काढला की बहुतेक गाड्यांत पंखा थांबतो, आणि थांबला तर स्विच चिकटलाय. कृती एकच, अर्थ अगदी उलटा. म्हणून आपल्या गाडीत यांपैकी काय आहे ते मॅन्युअलमध्ये पाहूनच हा प्रयोग करा.

ईसीयूवाल्या गाडीत खात्री करायची तर कनेक्टरच्या दोन पिनांत १ किलोओहमचा रेझिस्टर लावा. ईसीयूला साधारण ४५-५० अंश दिसायला हवेत. इग्निशन एकदा बंद करून पुन्हा ऑन करा, कारण नोंदलेला दोष काही गाड्या तेव्हाच सोडतात. रीडरवर आकडा बरोबर आला आणि पंखा थांबला, तर वायरिंग आणि ईसीयू ठीक, सेन्सर बदला. आकडा तरीही चुकीचा असेल तर सेन्सर काढलेल्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजा. इग्निशन ऑन असताना एका पिनवर जवळपास ५ व्होल्ट आणि दुसरी पिन अर्थ हवी. ५ व्होल्ट नसतील तर वायर तुटलीय किंवा कुठेतरी बॉडीला घासून शॉर्ट झालीय. एक्झॉस्टजवळचे आणि ब्रॅकेटच्या कडेवरचे भाग आधी तपासा. चाचणी झाल्यावर रेझिस्टर काढायला विसरू नका. तो तसाच राहिला तर इंजिन कितीही तापलं तरी पंखा लागणार नाही.

७. एसीचं प्रेशर

पंखा एसीबरोबरच बिनसत असेल तर रीडरमध्ये एसी प्रेशर दिसतंय का बघा. गाडी बराच वेळ बंद असेल तर दाब फक्त हवेच्या तापमानावर ठरतो. आर १३४ए वायूसाठी ३० अंशांना तो गेजवर साधारण ६.७ बार असतो. गार, बंद गाडीत २५ बार दिसत असतील तर सेन्सर खोटं बोलतोय. त्याचा कनेक्टर सैल असेल तर पुष्कळ गाड्या कॉम्प्रेसर बंद ठेवतात आणि पंखा पूर्ण वेगात सोडतात. आधी तोच दाबून बसवा. आकडा बंद असताना बरोबर आणि एसी लावल्यावर फार वर जात असेल, तर कंडेन्सर बुजलाय किंवा वायू जास्त भरलाय. वायू स्वतः सोडू नका. त्वचेवर पडला तर हिमदाह होतो, आणि तो काढायला रिकव्हरी मशीनच लागतं.

८. पीडब्ल्यूएम मॉड्यूल

पंख्याच्या श्राउडवरच जाड दोन आणि बारीक एक-दोन वायरी असलेली डबी म्हणजे मॉड्यूल. ईसीयूकडून येणारा सिग्नल तुटला की बहुतेक मॉड्यूल पंखा पूर्ण वेगात चालवतात. म्हणून बारीक वायरीचा कनेक्टर, त्यातला गंज आणि पाणी बघा. सिग्नल आहे की नाही हे साध्या व्होल्ट रेंजवर नीट कळत नाही. ड्यूटी (सिग्नल किती टक्के वेळ चालू असतो ते) मोजणारा मीटर किंवा ऑसिलोस्कोप लागतो. सिग्नल बरोबर येतोय आणि पंखा तरी वेग बदलत नाही, तर मॉड्यूल गेलंय. बऱ्याच गाड्यांत ते पंख्यासकटच मिळतं, त्यामुळे हे सिद्ध झाल्याशिवाय ऑर्डर देऊ नका.

९. थर्मोस्टॅट आणि रेडिएटर

ईसीयूला दिसणारं तापमान खरं निघालं आणि ते उतरत नाही, तर रेडिएटरचे होज (रबरी नळ्या) पाहा. इंजिन तापल्यावर वरचा होज कडकडीत आणि खालचा गार राहिला, तर थर्मोस्टॅट उघडत नाही किंवा रेडिएटर आतून बुजलाय. इन्फ्रारेड थर्मामीटरने रेडिएटरवर जागोजागी मोजलं तर बुजलेला भाग थंड पट्ट्यासारखा दिसतो. थर्मोस्टॅट बदलताना तेवढ्याच अंशांचा घ्या. तो काढूनच टाकायचा सल्ला मिळेल, पण मानू नका. इंजिन पुरेसं तापत नाही, इंधन जास्त लागतं, पी ०१२८ कोड येतो आणि बुजलेला रेडिएटर तसाच राहतो.

इथे थांबा

काटा लाल पट्ट्यात गेला किंवा वाफ दिसली, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा आणि टो करून न्या. "गॅरेजपर्यंत जाऊ हळूहळू" म्हणून चालवू नका.

टाकीत एकसारखे बुडबुडे, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, दुधाळ झालेलं इंजिन ऑइल, किंवा बाहेर गळती नसताना कूलंट घटणं: यांतलं एकही दिसलं तर हेड गॅस्केटची चाचणी करून घ्यायची वेळ आहे. वॉटर पंपाची शंकाही मेकॅनिककडेच.

फ्यूज बॉक्स वितळलेला, वायरीचं आवरण जळलेलं असेल तर ऑटो इलेक्ट्रिशियन. फ्यूज उडतो म्हणून मोठा फ्यूज कधीही घालू नका; मग फ्यूजऐवजी वायर जळते.

रिले ठीक, सेन्सर ठीक, आणि रीडर सांगतो की ईसीयू पंखा बंदच ठेवतोय, तरी रिलेच्या सॉकेटमधल्या कंट्रोल पिनवर अर्थ सापडतो (बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून तिथे मोजल्यावर पूर्ण १२ व्होल्ट), तर ती वायर शॉर्ट आहे किंवा ईसीयूचा ड्रायव्हर (रिलेला अर्थ देणारा आतला भाग) गेलाय. या पिनवर मोठा बल्ब लावून तपासू नका, त्या करंटने चांगला ड्रायव्हरही उडू शकतो. पुढचं काम वायरिंग डायग्राम असलेल्या माणसाचं.

हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत हाच पंखा इन्व्हर्टर आणि बॅटरीसाठीही फिरतो, चार्जिंग चालू असतानाही. नारिंगी (हाय व्होल्टेजची) केबल दिसत असलेल्या जागी हात घालू नका, सर्व्हिस सेंटरलाच न्या.

दुरुस्तीनंतर

कोड पुसा. गार इंजिनपासून सुरू करून, एसीशिवाय, पंखा निदान दोनदा लागून दोनदा थांबेपर्यंत आयडलवर ठेवा आणि रीडरवर लागण्या-थांबण्याचे आकडे पाहा. मग एसी लावून तेच. शेवटी इंजिन बंद करून पंधरा मिनिटं थांबा आणि पंखा बंद झालाय याची खात्री करून मगच गाडी लॉक करा. दोन-तीन दिवस वापरल्यावर पेंडिंग कोड (ईसीयूने अजून पक्के न केलेले) पुन्हा एकदा वाचा. सैल कनेक्टरचा दोष खड्ड्यांतून गाडी गेल्यावरच वर येतो.